थायरॉईडची गाठ छोटी असेल, तर पूर्ण ग्रंथी काढावीच लागते का?

हल्ली हेल्थ चेकअपमध्ये मानेचीही सोनोग्राफी होते. काही त्रास नसताना गाठ दिसते, सुईने तपासणी होते आणि ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकून घरातले सगळे हादरतात. “लगेच काढून टाका” म्हणण्यापूर्वी दक्षिण कोरियाचा अनुभव पाहा.

तिथे १९९९ नंतर सरकारी कॅन्सर तपासणीच्या जोडीला, थोडे जास्त पैसे भरून थायरॉईडची सोनोग्राफी करण्याची पद्धत रुळली. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले; मृत्यूंचे प्रमाण मात्र तेवढेच राहिले. म्हणजे जास्तीच्या बहुतेक गाठी जिवावर बेतणाऱ्या नव्हत्या. शस्त्रक्रिया झालेल्या १५,००० हून अधिक रुग्णांच्या विमा नोंदींत ११ टक्के जणांच्या पॅराथायरॉईड ग्रंथींचे काम कमी झाले होते आणि २ टक्के जणांना स्वरतंतूंचा लकवा झाला होता. २०१४ मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी अशा सरसकट तपासणीला जाहीर विरोध केला. त्यानंतर शस्त्रक्रिया बऱ्याच घटल्या.

२०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार १ सेंमीपेक्षा लहान गाठीची सुईने तपासणी सहसा गरजेची नसते. १ ते ४ सेंमीच्या, कमी धोक्याच्या कॅन्सरमध्ये अर्धी ग्रंथी काढणेही पुरेसे ठरू शकते.

याचा अर्थ शस्त्रक्रिया टाळावी असा नाही. कॅन्सर मोठा किंवा पसरलेला असेल, गाठीने श्वासनलिका दाबली जात असेल, तर ती आवश्यकच असते.

शस्त्रक्रियेनंतर काय लक्षात ठेवाल?

- मान झपाट्याने सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर एक मिनिटही न थांबता नर्सला सांगा. घरी असाल तर थेट हॉस्पिटल गाठा.
- पहिल्या काही दिवसांत ओठांभोवती, बोटांत मुंग्या येणे किंवा हातपाय आखडणे हे कॅल्शियम कमी झाल्याचे लक्षण असू शकते. लगेच डॉक्टरांना कळवा.
- आवाज बसणे बहुतेकदा तात्पुरते असते. सुधारणा नसेल, तर स्वरतंतूंची तपासणी करून घ्या.
- पूर्ण ग्रंथी काढल्यास थायरॉईडची गोळी आयुष्यभर, रिकाम्या पोटी घ्यावी लागते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी घ्या. डोस बदलल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.

सही करण्यापूर्वी सर्जनना तीन प्रश्न जरूर विचारा: माझ्या गाठीचा धोका किती? अर्धी ग्रंथी काढून चालेल का? तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? अनुभवी हातांत गुंतागुंत कमी होते, म्हणून हा तिसरा प्रश्न विचारताना संकोच करू नका.