उसाला पाणी देता देता बघितलेले पिक्चर



या आठवड्यात आमच्या फिडरला लाईट रात्रीची आहे. दहाला येते, सहाला जाते. दोन एकर उसाला पाणी चालू आहे, त्यामुळं रात्रभर दारं धरायचं काम. एक सरी भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ बांधावर बसून करायचं काय? थंडी मरणाची. मुलानं मोबाईलवर पिक्चर लावून दिले. सरी भरली की पिक्चर थांबवायचा, दारं मोडायचं, पुन्हा चालू करायचा. असे चार रात्रीत तीन पिक्चर झाले. पेजवर दरवेळी फवारणी आणि खताचं लिहितो, आज म्हटलं या तीन पिक्चरविषयी लिहावं. कारण तिन्हीत विषय एकच निघाला, शेतकऱ्याच्या घरातलं लग्न. आणि तो विषय सध्या आमच्याच घरात चालू आहे.

पहिला बघितला ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांचा. मार्च २०२५ मध्ये थिएटरला लागला होता, तेव्हा ऊसतोड आणि डाळिंबाच्या गडबडीत जाणं झालं नाही. चंद्रपूरकडचं डोंगरगाव, कापसाचा शेतकरी, त्याची मुलगी सविता. नंदिनी चिकटे या मुलीनं ते काम केलंय. मुलगी कॉलेजात समाजशास्त्र शिकतेय, पुढं परीक्षा द्यायची म्हणते, आणि बापाला लग्नाची घाई. एक स्थळ येतं, पोहे-चहा होतो, मुलगी खाली मान घालून बसते, पाहुणे विचारतात नाव काय, शिक्षण किती, उंची किती, शेतातलं काम येतं का. पाहुणे जातात. पुन्हा दुसरं स्थळ, पुन्हा तेच पोहे, पुन्हा तेच प्रश्न. तिकडची बोली आपल्यापेक्षा वेगळी, पण प्रश्न शब्दाला शब्द आपल्या सोलापूरचे.

पिक्चरच्या सुरुवातीलाच एक गंमत केलीय. मुलीला स्वप्न पडतं, त्यात पोरगं मधी बसलंय आणि बाया त्याला प्रश्न विचारताहेत. मी हसलो. नंतर दारं मोडताना डोक्यात आलं की आपण हसलो कशाला? पोरीला विचारलं तर ती रीत, आणि पोराला विचारलं तर ते हसण्यासारखं, असं कसं?

दुसऱ्या रात्री घरची जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिला तो पोह्याचा प्रसंग दाखवला. शेकोटीपाशी बसून तिनं बघितला, काही बोलली नाही. निघताना एवढंच म्हणाली, “मला सात जणांनी बघितलं तुमच्या आधी. एकानं तर अंगणात चालून दाखवायला लावलं, पाय अधू हाय का बघायला. बैल घेताना बघत्यात तसं.” तीस वर्षं संसार झाला, हे मला पहिल्यांदा कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

या पिक्चरमधली दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या काळजाची आहे. घरात कापूस पडलाय, भाव नाही, आणि लग्नाचा खर्च त्या कापसावर टेकलाय. बाकीच्या पिक्चरमध्ये शेतकरी म्हणजे एकतर हिरव्या शेतात गाणं म्हणणारा, नाहीतर झाडाला दोर बांधणारा. इथं बाप रोज भावाकडं डोळे लावून बसलाय. आपलं खरं जगणं ते आहे. शेवट सांगत नाही, ज्याचा त्यानं बघावा.

दुसरा पिक्चर ‘नवरदेव बीएस्सी अॅग्री’. राम खाटमोडे यांचा, २६ जानेवारी २०२४ ला आला होता. क्षितीश दाते नवरदेव. शेतीचं शिक्षण घेतलेला पोरगा नोकरीमागं न लागता शेती करतो आणि त्याला कुणी मुलगी देत नाही, असा विषय. हसत-खेळत सांगितलाय, घरातल्या सगळ्यांना आवडला. मलाही आवडला, पण मध्ये मध्ये हसू घशात अडकत होतं. कारण आमचा मुलगा शेजारीच बसला होता. त्याचं वय एकोणतीस. कृषी पदविका झालेली, डाळिंब तोच सांभाळतो, आणि दोन वर्षांत नऊ ठिकाणांहून नकार आलाय. त्याच्याच वर्गातला मित्र औषध कंपनीत लागला. आमच्याच बांधावर येऊन आम्हालाच औषध विकतो. त्याचं लग्न पहिल्या वर्षी झालं. म्हणजे शेतीचं शिकलेला कंपनीत लागला की स्थळ, आणि शेतात लागला की अडचण.

बाहेरच्या लोकांना हा विनोद वाटतो. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या सोलापुरात मोर्चा निघाला होता, आठवत असेल. मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजंत्री लावून बिनलग्नाची पोरं कलेक्टर कचेरीवर गेली. टीव्हीवाल्यांनी दिवसभर दाखवलं, लोकांनी मोबाईलवर फिरवलं, खूप हसले. पण त्या पोरांची एक मागणी हसण्यासारखी नव्हती. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची अंमलबजावणी कडक करा, असं ती म्हणत होती. आता आकडे बघा. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं ९१३ मुली होत्या. ती पोरं आज लग्नाला उभी आहेत. २०११ ला तो आकडा ८९४ वर आला. ती पोरं येत्या काही वर्षांत उभी राहतील. असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ साली, आणि तरी ही गत. त्या पोटातल्या मुली कुणी परक्यानं येऊन मारल्या नाहीत. शेतात बी टाकलंच नाही तर उगवण कमी का झाली म्हणून कृषी अधिकाऱ्याला विचारून काय उपयोग?

आता मुलीच्या बापाच्या जागी बसून हिशोब करू. आमचं डाळिंब दोन एकर. गेल्या वर्षी तेल्यानं बाग धरली. खर्च तीन लाख, हातात आले एक लाख दहा हजार. तोटा एक लाख नव्वद हजार. यंदा बाग चांगली आली. खर्च सव्वाचार लाख, माल दहा टन, सरासरी ९५ रुपये किलोनं साडेनऊ लाख झाले. शिल्लक सव्वापाच लाख. गावात बोलबाला झाला की यांनी डाळिंबात साडेनऊ लाख कमावले. पण दोन वर्षांचं मिळून बघा. सव्वापाच लाखातून एक नव्वद वजा केले की राहतात तीन लाख पस्तीस हजार. चोवीस महिन्यांनी भागलं तर महिन्याला चौदा हजार. त्यात माझी, घरचीची आणि मुलाची अशी तिघांची मजुरी धरलेली नाही. मग बारा-पंधरा हजाराच्या नोकरीवाल्याला मुलगी देणारा बाप खुळा आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? त्याचे पंधरा हजार एक तारखेला येतात. आमचे चौदा हजार येतील का नाही ते तेल्या ठरवतो, पाऊस ठरवतो आणि मार्केट ठरवतं.

माझी तक्रार ‘नवरदेव’बद्दल हीच आहे. पोरगा चांगला, शेती चांगली, तरी लोक मुलगी देत नाहीत, असं म्हणून लोकांना दोष देणं सोपं आहे. एखाद्या पिक्चरवाल्यानं असा दोन वर्षांचा हिशोब पडद्यावर मांडावा. लोक उठून जाणार नाहीत, आम्ही तर नाहीच.

आता जे लिहायला जड जातंय ते लिहितो.

२०१९ साली आमच्या मुलीचं लग्न केलं. तेव्हा पंढरपूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पदवीधर, चार एकर द्राक्षं, बेदाण्याचं शेड, माणसं सरळ. मीच नाही म्हणालो. माझे शब्द मला पाठ आहेत, “आयुष्यभर आपण मातीत मेलो, पोरीला तरी सावलीत बसू दे.” पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाला दिली. जावई चांगला आहे, लेक सुखात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आज माझ्या मुलाला जो बाप नकार देतो, तो अक्षरशः माझंच वाक्य मला परत देतो. चारचौघांत आपण म्हणतो, पोरींना शेतकरी नवरा नको. खरं बोलायचं तर नकार देणारे निम्मे आपणच आहोत, शेतकरी बाप. आपल्या धंद्यावर आपलाच विश्वास नाही, आणि जगानं ठेवावा अशी अपेक्षा.

‘स्थळ’ बघून झाल्यावर लेकीला फोन केला आणि सरळ विचारलं, “तुला त्या द्राक्षवाल्याच्या घरी जायचं होतं का?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आप्पा, हो म्हणले असते का नाही म्हणले असते, ते आता कशाला? पण तेव्हा विचारायचं होतं की.”

त्या रात्री एक सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीत गेलं. माझं लक्षच नव्हतं.

तिसरा पिक्चर नवा नाही. ‘सैराट’. या दोघांच्या नंतर मुद्दाम पुन्हा बघितला. नागराज मंजुळे आपल्या करमाळ्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, पिक्चरमधला मुलूख आपला. २९ एप्रिल २०१६ ला लागला, तेव्हा दुष्काळ होता. उजनी मायनसमध्ये होती, लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं. अन् पडद्यावर ती केळीची बाग आणि पाण्यानं भरलेली विहीर बघून माझ्या शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला होता, “पाणी बघ पाणी!” तेव्हा आम्ही गाण्यांवर नाचलो आणि शेवटी सुन्न होऊन बाहेर आलो.

या वेळी मी आर्चीकडं बघितलं. ती ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आणि कुणाशी संसार करायचा ते स्वतः ठरवते. एवढी बागायत असलेल्या घरात तिच्या नावावर काय होतं? ट्रॅक्टर चालवायला मोकळीक, मनानं नवरा करायला नाही. ‘स्थळ’मधल्या सविताला कुणी विचारत नाही, आणि आर्चीनं न विचारता ठरवलं तर तिचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपण मात्र इतकी वर्षं झाली तरी हळदीच्या वरातीत त्याच पिक्चरच्या गाण्यावर नाचतो.

मग करायचं काय? पिक्चर बघून उसासे टाकायचे आणि पुन्हा दारं धरायला जायचं, एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं.

शरद जोशींनी १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं होतं. पुढं त्यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्यानं स्वतःहून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायचा. तेव्हा मी पोरसवदा होतो, आमच्या वडलांनी ऐकून सोडून दिलं. बहिणीकडून आम्ही भावांनी हक्कसोड पत्र लिहून घेतलं, तेही साडी-चोळीवर. १९९४ पासून महाराष्ट्रात लेकीला वडिलार्जित जमिनीत वाटा आहे, २००५ पासून देशभर आहे, पण कागद एकीकडं आणि रीत एकीकडं. मला विचाराल तर ज्या जमिनीवर बाईचं नाव नाही, त्या जमिनीवर ती राबायला का येईल? कंपनीवाल्याच्या बायकोला निदान महिन्याचा आकडा माहीत असतो. आपल्या बायकांना पट्टी किती आली तेसुद्धा शेजारणीकडून कळतं.

म्हणून आमच्या घरी तीन गोष्टी ठरल्या. घरचीचं नाव सातबाऱ्यावर लावायचा अर्ज तलाठ्याकडं दिलाय. डाळिंबाची पट्टी यापुढं घरात सगळ्यांसमोर वाचायची. आणि मुलासाठी पुढचं स्थळ बघायला जाऊ तेव्हा मी प्रश्न विचारणार नाही. पोरगा-पोरगी दोघं बाजूला बसतील, तिनं आमच्या पोराला हवं ते विचारावं. पगार विचारला तर त्यानं वरचा दोन वर्षांचा हिशोब दाखवायचा, तोट्यासकट. दहावा नकार आला तरी चालेल, खोटं बोलून होकार नको.

पेज वाचणाऱ्या कृषी पदवीधर मंडळींना एक सांगणं. तुम्ही शिबिरात एकरी उत्पन्न सांगता, विक्रमी टनाचे फोटो लावता. त्याच्यासोबत पाच वर्षांची सरासरी पण सांगत चला. विक्रमी टनानं सत्कार होतो. घर सरासरीवर चालतं, आणि मुलीचा बाप सरासरीच विचारतो.

हे लिहीपर्यंत साडेपाच झाले. शेवटच्या दोन सऱ्या राहिल्यात, लाईट जायच्या आत उरकतील. शेजाऱ्याच्या ज्वारीत पाणी गेलं होतं, त्याच्याकडं सकाळी जाऊन आलो. तो म्हणाला, “राहू दे की, तेवढाच हुरडा भरंल.” सोमवारपासून दिवसाची लाईट आहे, तेव्हा पिक्चर बंद. पुढच्या वेळी डाळिंबाच्या छाटणीचं लिहितो.

राम राम.