आधी प्रश्न, मग विषय

आमच्या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी पुढे अभियांत्रिकीकडे वळतात, आणि पदवी हाती आल्यावर त्यांतील काहीजण संगणकशास्त्रात एम. टेक. किंवा एम. एस. करण्याचे मनात आणतात. ही गोष्ट आनंदाची आहे. २०१६ साली एकीकडे धारवाडास आणि दुसरीकडे गोव्यास आयआयटी सुरू झाल्यापासून तर बेळगाव भागातील मुलांना हे शिक्षण पूर्वीइतके दूरचे राहिलेले नाही. परंतु अशा वेळी घरोघरी जी चर्चा होते, ती बहुधा तीनच प्रश्नांभोवती फिरत राहते. संस्था कोणती मिळेल, खर्च किती येईल आणि पुढे पगार किती पडेल? त्या दोन वर्षांत नेमके शिकावयाचे काय आणि कशासाठी, हा चौथा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते हा चौथा प्रश्नच पहिला असावयास हवा. ज्याने संशोधनाचा प्रश्न आधी मनाशी धरला, त्यालाच विषयांची निवड नीट करता येते. आणि ज्याने विषय आधी गोळा केले, त्याला पुढे प्रश्न सापडेलच असे नाही.

या पदवीची रचना बहुतेक संस्थांत साधारण सारखीच असते. दोन वर्षे आणि चार सत्रे. आरंभीच्या सत्रांत वर्गात बसून शिकावयाचे विषय अधिक, तर शेवटच्या सत्रांत मुख्यतः संशोधन आणि प्रबंधलेखन. कागदावर ही मांडणी सोयीची दिसते खरी. पण तिच्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात एक भिंत उभी राहते. आधी अभ्यास, मग संशोधन, अशी तो आपली समजूत करून घेतो. मग ऐच्छिक विषय कोणत्या कसोटीवर निवडले जातात? कोणत्या विषयास गुण सढळ हाताने मिळतात, मित्राने काय घेतले आहे आणि बाजारात कोणत्या नावाचा बोलबाला आहे, या कसोट्यांवर. तिसरे सत्र उजाडते आणि मार्गदर्शक विचारतात, "काय करावयाचे ठरविले आहे?" विद्यार्थ्याच्या हाती गुणपत्रिका असते, पण प्रश्न एकही नसतो. मग जो विषय मिळेल तो पदरात पाडून घ्यावयाचा, तो समजण्यात अर्धे सत्र घालवावयाचे, आणि त्याला लागणारे गणित आपण घेतलेच नव्हते हे त्या वेळी ध्यानी यावयाचे! दोन वर्षांच्या अवधीत अर्ध्या सत्राचा तोटा हा लहान तोटा नव्हे.

अभ्यास आणि संशोधन यांच्यामध्ये मुळात भिंत नाही, हे दाखविणारी दोन उदाहरणे संगणकशास्त्राच्या इतिहासातच आहेत. पहिले क्लॉड शॅनन यांचे. मिशिगन विद्यापीठात असताना त्यांनी तत्त्वज्ञान विभागात तर्कशास्त्राचा एक पाठ्यक्रम घेतला होता, आणि तेथे जॉर्ज बूल यांच्या बीजगणिताशी त्यांची ओळख झाली. खरे व खोटे या दोनच मूल्यांवर चालणारे हे बीजगणित एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेले होते, आणि विद्युत् अभियंत्यास त्याचा काही उपयोग असेल असे कोणास वाटत नव्हते. १९३६ साली शॅनन अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आले. तेथे व्हॅनिव्हर बुश यांच्या गणनयंत्रावर काम करताना त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की, उघडझाप करणाऱ्या विद्युत् रिलेंची गुंतागुंतीची जोडणी पद्धतशीरपणे कशी आखावी? रिले एक तर बंद असतो किंवा उघडा, म्हणजे त्यालाही दोनच अवस्था, हे त्यांनी ताडले आणि बूल यांचे बीजगणित या जोडणीस लावून दाखविले. १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी लिहिलेला हा प्रबंध पदव्युत्तर पदवीसाठीच होता. आजच्या प्रत्येक अंकीय यंत्राच्या मंडलांची आखणी याच विचारावर उभी आहे. तर्कशास्त्राचा तो पाठ्यक्रम त्यांनी केवळ गुणांसाठी घेऊन विसरून टाकला असता, तर रिलेंपुढे उभे राहिल्यावर त्यांस बूल आठवले नसते.

दुसरे उदाहरण डेव्हिड हफमन यांचे. १९५१ साली एमआयटीतच प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना सांगितले की, ज्याला अंतिम परीक्षा नको असेल त्याने एक निबंध लिहून द्यावा. मजकुरातील अक्षरांना शून्य आणि एक यांची सांकेतिक रूपे अशी द्यावयाची की, सर्व मजकूर कमीत कमी जागेत मावेल. हा त्यातील एक प्रश्न होता. स्वतः फॅनो यांनाही त्याचे परिपूर्ण उत्तर सापडलेले नव्हते, पण ही गोष्ट त्यांनी वर्गात सांगितली नव्हती. हफमन यांनी काही महिने झटून अखेर ते उत्तर शोधले, आणि १९५२ साली ते प्रसिद्ध झाले. आज आपण फोनवर जी छायाचित्रे साठवितो, त्यांचा आकार लहान करण्यात या पद्धतीचा हात आहे. वर्गातील निबंध म्हणजे वेळ मारून नेण्याचे काम असे हफमन यांनी मानले नाही; तेवढ्यानेच एका पाठ्यक्रमाचे संशोधन झाले.

कोणी म्हणेल की ही थोरांची चरित्रे झाली. सामान्य विद्यार्थ्याने प्रश्न आणावा कोठून? आमचे उत्तर असे की, आपल्या घरातून आणावा. एक साधे उदाहरण घेऊ. "माळ्याकडे पाहा," असे कोणी म्हटले तर आपण बागेतील माळ्याकडे पाहावयाचे की घरातील माळ्याकडे? ‘माळी’ आणि ‘माळा’ या दोन्ही शब्दांचे सामान्यरूप ‘माळ्या’ असेच होते, हे आमच्या शाळेतील मुले व्याकरणाच्या तासाला शिकतात. माणसास संदर्भावरून अर्थ चटकन कळतो. यंत्रास तो कसा कळावा? मराठी शब्दाला विभक्ती, शब्दयोगी अव्यये आणि आणखी काय काय चिकटत जाऊन ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ असा लांबलचक शब्द तयार होतो, त्यातून ‘घर’ कसे वेगळे काढावे? हे खरोखरीचे संशोधनाचे प्रश्न आहेत, आणि मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यास ते पुस्तकाबाहेरही रोज ऐकू येतात. त्यातून आमच्या भागातील मुलाच्या कानावर कानडीही पडते, आणि तीही शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय जोडणारी भाषा आहे. त्यामुळे दोहोंची तुलना करण्याची सोय त्याला आयतीच लाभलेली असते.

आता हा एक प्रश्न हाती धरला की विषयांची निवड कशी आपोआप होत जाते, ते पाहण्यासारखे आहे. एका रूपामागील सगळे संभाव्य मूळ शब्द शोधावयाचे, तर ऑटोमाटा सिद्धांत हवा. पदवीच्या वर्गात पुष्कळ विद्यार्थी ज्याला निरुपयोगी म्हणून नाक मुरडतात, तोच हा विषय. त्या शब्दांपैकी या वाक्यात कोणता अधिक संभवतो हे ठरवावयाचे, तर संभाव्यताशास्त्र हवे. पुष्कळ मजकुरावरून यंत्राला हा निर्णय शिकवावयाचा, तर मशीन लर्निंग हवे. आणि ते नुसते वापरावयाचे नसून समजावयाचे असेल, तर रेषीय बीजगणित हवे. हे सारे वेगाने घडवून आणण्यासाठी अल्गोरिदमचा पक्का अभ्यास हवा. शिवाय जमल्यास भाषाशास्त्र विभागातील एखादा विषय बाहेरून घ्यावा. शॅनन यांनी तत्त्वज्ञानाचा घेतला होता तसा. आपल्याआधी कोणी काय केले हेही पाहावे. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांचे परस्परसंबंध नोंदविणारे वर्डनेट तयार झालेले आहे. ते न पाहता या प्रश्नास हात घालणे म्हणजे शेजारी विहीर असताना नवी खणणे होय.

आपल्या भाषेचा प्रश्न म्हणजे लहान प्रश्न, असेही कोणी समजू नये. फिनलंडमधील किम्मो कोस्केनिएमी यांनी १९८३ साली हेलसिंकी विद्यापीठास डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. प्रत्ययांनी शब्दांची रूपे सतत पालटणारी त्यांची फिनिश भाषा यंत्रास कशी समजावी, या विचारातून त्यांनी ऑटोमाटावर आधारलेली एक पद्धत बसविली, आणि ती पुढे जगातील इतर अनेक भाषांसाठी वापरली गेली. अर्थात प्रत्येकाने भाषेचाच प्रश्न घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. कोणास शेतीचे पाणी, कोणास रुग्णालयातील नोंदी, कोणास केवळ गणितातील एखादी गाठ खुणावील. प्रश्न आपला असावा, इतकेच.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, बावीस वर्षांच्या मुलास आयुष्याचा प्रश्न कसा ठाऊक असणार? तो ठाऊक असण्याची गरज नाही. प्रवेशाच्या वेळी धरलेला प्रश्न हा कच्चा आराखडा असतो, आणि आराखडा पुसून पुन्हा काढता येतो. पहिल्या सत्राअखेर प्रश्न पालटला तर त्यात कमीपणा काहीच नाही; पालटण्यासाठी मुळात प्रश्न असावा लागतो. दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे. ज्याच्या घरी कर्जाचे हप्ते वाट पाहत आहेत, त्याला बाजारात चालणारा विषय घेऊ नकोस असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु बाजार किती चंचल असतो तेही पाहावे. जो विद्यार्थी २०२२ सालच्या पावसाळ्यात अशा पदवीस दाखल झाला, त्याचे पहिले सत्र संपते न संपते तोच नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि त्या वेळच्या प्रतिष्ठित साधनांची किंमत पाहता पाहता बदलली. रेषीय बीजगणित आणि संभाव्यताशास्त्र यांची किंमत मात्र तसूभरही उतरली नाही. नवी साधने समजून घेण्यास तीच कामी आली. म्हणून अर्थार्जनाच्या दृष्टीनेही पाया आधी पक्का करावा आणि बाजारातील साधने त्याच्यावर रचावीत, हेच शहाणपणाचे ठरते.

पदवीचा प्रकारही आधीच पारखून घ्यावा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि मद्रासच्या आयआयटीत पाठ्यक्रमावर भर असणारी एक पदवी आणि संशोधनावर भर असणारी दुसरी, असे दोन मार्ग आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीतही संशोधनाधारित एम. एस. आहे. ज्याला लवकर नोकरीस लागावयाचे आहे त्याने पहिला मार्ग घेणे यात उणेपणा नाही. पण आपण कोणता मार्ग घेतो आहोत हे न कळता घेणे बरे नव्हे. गेट परीक्षेचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतात. तेव्हा विचारास थोडा अवकाशही असतो.

प्रत्यक्ष आखणी पुढीलप्रमाणे असावी असे आम्ही सुचवितो. प्रवेशापूर्वीच त्या संस्थेतील दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे निबंध वाचावेत. सर्व समजले नाही तरी चालेल. पहिल्या सत्रात पायाभूत विषय घ्यावेत आणि मार्गदर्शक म्हणून मनात असलेल्या प्राध्यापकांची भेट घ्यावी. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्यांच्या कामाची रीत विचारावी. नाव मोठे पण भेट दुर्मिळ, असा मार्गदर्शक नवख्याच्या उपयोगी पडत नाही. दुसऱ्या सत्रात प्रश्नाशी जोडलेले विषय घ्यावेत, आणि वर्गात जो प्रकल्प करावा लागेल तो आपल्याच प्रश्नाचा एखादा तुकडा असावा. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पूर्वीच्या कोणाचा एखादा प्रयोग स्वतः करून पाहावा. तिसरे सत्र मग मोकळ्या हाताने कामास मिळते, आणि चौथ्यातील निम्मा वेळ लेखनासाठी राखून ठेवता येतो. रोज काय केले आणि काय फसले हे वहीत लिहून ठेवावे. प्रबंधाची अर्धी पाने त्या वहीतच तयार होतात.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलगा वा मुलगी सुटीत घरी आली की किती गुण मिळाले हे जरूर विचारावे, पण त्याबरोबर "सध्या तू कोणत्या प्रश्नावर काम करतोस?" किंवा "करतेस?" हेही विचारावे, आणि उत्तर समजले नाही तर पुन्हा समजावून मागावे. आपल्या आईला मराठीतून सांगता येईल इतका प्रश्न स्पष्ट झाला, म्हणजे तो बहुतेक मार्गी लागला असे समजावे.

आणि आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांनो, ही पदवी तुमच्यापासून अद्याप सात-आठ वर्षे दूर आहे, म्हणून हा लेख आपल्यासाठी नव्हे असे मानू नका. मराठी माध्यमात शिकलो म्हणून आपण मागे राहू, अशी भीती तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात असते, हे आम्ही जाणतो. इंग्रजी तर शिकावीच लागेल, आणि कष्टाने ती येते. परंतु माळी आणि माळा यांचा घोटाळा जगातील कोणत्याही नामांकित संस्थेतील परक्या विद्यार्थ्याच्या आधी तुमच्या ध्यानी येईल. तो ध्यानी आला की वहीत टिपून ठेवा. गणिताच्या तासाला उत्तर आल्यावर ते तसेच का आले हे विचारा, आणि व्याकरणाच्या तासाला अपवाद दिसला की थांबा. विषय पुढे कोणत्याही विद्यापीठात शिकता येतील. प्रश्न विचारण्याची सवय मात्र याच बाकांवर लागते.