छत गेलेलं चर्च आणि चार पोलादी झाडं

जुनी इमारत पडायला आली की एक वाद हमखास सुरू होतो. कुणी म्हणतं, "पाडून टाका, नवं बांधा." कुणी म्हणतं, "होती तशीच करा." लंडनच्या ओल्ड स्ट्रीट भागातल्या सेंट ल्यूक्स चर्चने या दोन्हींपेक्षा वेगळी वाट धरली. तीच गोष्ट आज पाहूया.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडन झपाट्याने वाढत होतं. १७११ मध्ये ब्रिटिश संसदेने ५० नवी चर्च बांधायचं ठरवलं. पैसा कुठून आणायचा? शहरात येणाऱ्या कोळशावर कर लावून! प्रत्यक्षात डझनभरच चर्च उभी राहिली. १७३३ मध्ये पूर्ण झालेलं सेंट ल्यूक्स त्यांतलंच एक. जॉन जेम्स आणि निकोलस हॉक्समूर हे त्याचे वास्तुकार.

लांबून आधी दिसतो तो त्याचा मनोरा. चर्चचा मनोरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर निमुळतं टोक येतं ना? इथे मात्र प्राचीन इजिप्तमधल्या दगडी स्तंभासारखा उंच सुळका आहे, अंगावर उभ्या खाचा कोरलेला. टोकावरच्या वातकुक्कुटाच्या जागी आहे ड्रॅगन. पण खालून लोकांना तो चक्क उवेसारखा दिसला आणि चर्चला 'उवांचं सेंट ल्यूक्स' असं नाव पडलं!

दिसायला देखणं असलं तरी चर्चचा पाया दलदलीच्या जमिनीवर होता. जमीन खचत गेली, भिंतींना तडे गेले. शेवटी चर्च बंद झालं आणि धोका नको म्हणून छतही उतरवलं. तिथला ऑर्गन जवळच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये गेला. पुढची सुमारे ४० वर्षं चार भिंती ऊनपावसात उघड्या राहिल्या. आत झाडं उगवली.

मग १९०४ पासून चालत आलेल्या लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राला सराव आणि संगीतशिक्षणासाठी जागा हवी होती. हे पडकं चर्च त्यांच्या बार्बिकन सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. काम सोपं नव्हतं. तळघरातले हजाराहून अधिक मृतदेहांचे अवशेष आदराने काढून दुसऱ्या दफनभूमीत पुरावे लागले. बाहेरच्या रहदारीचा आवाज आत येऊ नये, याचीही सोय करावी लागली.

खरा प्रश्न पुढेच होता. आतून पुन्हा १७३३ चं चर्च उभारायचं का? वास्तुकारांनी नाही म्हटलं. गिलावा गेलेल्या विटा तशाच उघड्या ठेवल्या. नवं छत पेलायला चार भक्कम पोलादी खांब उभे केले. वर जाऊन त्यांना झाडासारख्या फांद्या फुटतात. त्यामुळे आत उभं राहिलं की जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे लहान मूलही बोट दाखवून सांगू शकतं. ४० वर्षं पावसात काढल्याच्या खुणा कुणी लपवल्या नाहीत.

२००३ मध्ये दार पुन्हा उघडलं. आता तिथे नामवंत वादक सराव करतात, शाळेतली मुलं शिकतात, परिसरातले लोक समूहगानाला जमतात. इंडोनेशियाच्या गामेलान वाद्यांचेही वर्ग तिथे झाले आहेत. जिथून ऑर्गन निघून गेला, तिथे संगीत परत आलं.

चर्च आणि संगीतशिक्षण हे नातं आपल्याकडेही जुनं आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडून संगीताच्या शाळा चालत. तिथे व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेले कितीतरी गोमंतकीय वादक पुढे मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवत होते.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा तंजावरला, तुमच्याही गावात कुलूप लागलेला एखादा वाडा, जुनी शाळा किंवा वाचनालय असेलच. ते वाचवायची चर्चा निघाली की रंगरंगोटीच्या खर्चाआधी एक प्रश्न जरूर विचारा: दुरुस्तीनंतर तिथे रोज कोण येणार? सेंट ल्यूक्सला याचं उत्तर मिळालं, म्हणूनच त्याला छत मिळालं.