बाजरीकडून उसाची अपेक्षा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या नातेवाइकांत फोनाफोनी सुरू होते. "किती पडले?" हा पहिला प्रश्न. "मग आता मेडिकल ना?" हा दुसरा. पोरगं बिचारं शेजारीच उभं असतं, पण त्याला कुणी काही विचारत नाही!

जरा आकडे बघू. २०२४ साली 'नीट'ला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. म्हणजे विसातल्या जेमतेम एकाला जागा. उरलेली एकोणीस काय सगळी आळशी? प्रत्येक घराने आपलं पोर त्या एकातच धरलं, तर चूक पोराची नाही, हिशोबाची आहे.

आमचं केंदूर शिरूर तालुक्यातलं, पाऊस बेताचा. इथला माणूस पाणी बघून पीक घेतो. बाजरीवर 'तू ऊस का झाली नाहीस' म्हणून कुणी रागावत नाही. घरात शिरल्यावर मात्र हे शहाणपण कुठं जातं कोण जाणे.

शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. स्वतः शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून आलेले. हाताने काम करत शिकायचं, हे त्यांचं सूत्र. शाळा सुटलेली मुलंही तिथं वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती शिकतात. तिथला गोल घुमट 'पाबळ डोम' म्हणून ओळखला जातो. माप चुकलं तर घुमटाचा सांगाडा जुळणार नाही, तेव्हा भूमिती आलीच! कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे.

मला वाटतं, त्यांनी मुलांकडून कमी अपेक्षा ठेवल्या नाहीत, वेगळ्या ठेवल्या. अपेक्षा सोडणं म्हणजे पोराला वाऱ्यावर सोडणं नव्हे. हातात घेतलेलं पुरं करणं, खरं बोलणं, हे जरूर मागावं. ते त्याच्या हातात आहे. रँक मात्र इतरांच्या मार्कांवरही ठरते.

आमची नववीतली लेक सध्या बंद पडलेला पंप खोलून बसते. तिला इंजिनिअर करायचं मी ठरवलेलं नाही. तो पंप ती पुन्हा जोडते का, एवढं बघतो.

असो. मंडळी, तिच्या दहावीच्या निकालाला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न तिलाच विचारा. मार्कांचा नको, पंपाचा विचारा.