नोंद घेतली, माहिती दिली नाही

सप्टेंबर २०२० च्या मध्यास महाराष्ट्र शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम हाती घेतली. जबाबदारी कोणाच्या गळ्यात घालायची हे नावातच ठरून गेले होते. आशा सेविका आणि स्वयंसेवक घरोघर हिंडले. ताप मोजला, रक्तातील प्राणवायू मोजला, घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार, कर्करोग आहे काय याची विचारपूस केली. होकार आला की नोंद झाली. परंतु ज्या घरात कर्करोग होता त्या घरालाही काही विचारावयाचे होते. किरणोपचाराची तारीख हुकली तर पुढे काय? केमोथेरपी चालू असताना करोना झाला तर? तोंडातला चट्टा महिनाभर बरा होत नाही, तो आता दाखवावयाचा कोठे? या प्रश्नांसाठी ती मोहीम आखलेलीच नव्हती.

नाशिक जिल्ह्यातील गरीब रुग्णाला कर्करोगाची माहिती छापील कागदातून क्वचितच मिळते. ती मिळते शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयातील बाकावर, मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यात, परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. कोणते कागद लागतात, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, केमोनंतर अन्न जात नसेल तर काय द्यावे, हे सारे त्या वाटेने आधी गेलेला माणूस मागून येणाऱ्याला सांगतो. मार्च २०२० च्या अखेरीस रेल्वे थांबली, एस.टी. थांबली, जिल्ह्याच्या सीमेवर परवाने मागितले जाऊ लागले. त्याबरोबर उपचाराची वाट अडली, तशीच ही तोंडोतोंडीची शाळाही मोडली. टाटा रुग्णालय त्या काळात चालू होते. पण रुग्णालय चालू असणे आणि ते चालू आहे हे सुरगाण्याच्या पाड्यावर ठाऊक असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील ४१ रुग्णालयांची आकडेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मार्च ते मे २०१९ या तीन महिन्यांत तेथे १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. कर्करोगाने काही टाळेबंदी पाळली नव्हती. कमी भरलेले ते साठ हजार लोक आपली गाठ, आपला चट्टा घेऊन घरीच बसले होते.

टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र शासनाने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली काढली. हे पाऊल योग्यच होते. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भागातील चार स्त्रियांपैकी जेमतेम एकीने कधीतरी इंटरनेट वापरले होते. घरातला फोन मुलाच्या नाहीतर दिराच्या खिशात. स्तनातल्या गाठीविषयी, पाळी गेल्यानंतर अंगावरून जाणाऱ्या रक्ताविषयी बाईने त्या फोनवर विचारावे तरी कसे? फोनवर न विचारता येऊन आदळले ते लिंबू-सोड्याचे आणि गव्हांकुराच्या रसाचे संदेश. ते पुढे पाठविणाऱ्यांच्या भाबडेपणाला सुशिक्षितांनी हसावे, हे त्याहून सोपे.

हे काम अशक्य कोटीतले नाही. टाटा रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक प्रयोग चालविला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन त्यांच्याकरवी, साध्या व्हिनेगरसारख्या द्रावाच्या साहाय्याने, गर्भाशयमुखाची तपासणी केली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणीबरोबर रोगाची माहिती देणे हाही त्या कामाचा भाग होता. तिशीवरील सर्वांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१६ मध्ये काढली. आणि वरील कुटुंब पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही भरल्या नाहीत.

जिने हे दारोदार सांगावयाचे त्या आशा सेविकेला जून २०२१ मध्ये संप करावा लागला, तेव्हा कोठे तिच्या पदरात एक हजार रुपयांची मानधनवाढ आणि पाचशे रुपयांचा करोना भत्ता पडला. तिच्या वहीत आणखी एक रकाना वाढविण्यापूर्वी तिला पुरते वेतन आणि पुरते शिक्षण दिले पाहिजे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे. मराठी, अहिराणी आणि कोकणा बोलीत तिच्या हाती साधी सचित्र पत्रके देणे त्याला जड जाऊ नये. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कर्करोगाविषयी विचारणाऱ्याला उत्तर देणारा एक माणूस आणि एक दूरध्वनी, साथ असो वा नसो, नेमलेला असावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून ठरावाने करून घ्यावी. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी तिशीवरील किती जणांची तपासणी झाली आणि संशयित आढळलेल्यांपैकी किती जण पुढे उपचारापर्यंत पोहोचले, हे आकडे तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आजच मागता येतील. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तराची मुदत तीस दिवस.