शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास

कोराडीच्या जगदंबेचे नवरात्र जवळ आले की नागपूर प्रांती घरोघर उपवास सुरू होतात, आणि त्यांस दूध, केळे, साबुदाणा चालतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासास मात्र यांतील काहीही चालत नाही. भुलीने वेदनेबरोबर घशाचा पहारा करणारा खोकलाही निजतो. अशा वेळी पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरल्यास प्राणावर बेतते. बाळंतिणींवर ओढवणाऱ्या या संकटाचे सविस्तर वर्णन न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेल्सन यांनी १९४६ साली केले. म्हणून प्रौढ रोग्यास भुलीपूर्वी दूध व हलके अन्न निदान ६ तास, तळलेले त्याहूनही अधिक, आणि साधे पाणी २ तास वर्ज्य मानतात.

नागपुरास १९४७ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील काय किंवा अन्यत्रचे काय, विद्यार्थ्यांनी 'उपवास आहे ना?' एवढ्यावर समाधान मानू नये. 'शेवटी तोंडात काय गेले, आणि किती वाजता?' हा प्रश्न विचारण्यास त्यांनी शिकावे, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. घरातील वडीलधाऱ्यांनीही मायेपोटी पाजलेला चहा लपवू नये. शस्त्रक्रिया चार तास पुढे गेली तरी बहुधा बिघडत नाही. आणि ती तातडीची असली, तर डॉक्टरांस खरे कळणे अधिकच अगत्याचे.