चेतापेशी थकत नाही

सकाळी सदरा अंगात घालताना कापडाचा स्पर्श चांगला जाणवतो. पाच मिनिटांनी सदरा अंगावरच असतो, पण त्याची जाणीव उरत नाही. असे का, म्हणून वर्गात विचारा. "चेतापेशी थकतात, सर," हे उत्तर हमखास येते आणि पुष्कळदा सरही मान डोलावतात. कातडीपासून मेंदूपर्यंत याची कारणे अनेक आहेत, पण 'थकवा' हा शब्द मला मुळीच पटत नाही.

१९२६ साली एडगर एड्रियन आणि इंग्वे झॉटरमन यांनी केंब्रिजला बेडकाच्या स्नायूला वजन टांगले आणि त्यातून निघणाऱ्या एकेका चेतातंतूचे आवेग नोंदले. वजन तेवढेच राहिले, तरी आवेग आधी भराभर आले आणि मग विरळ होत गेले. प्रत्येक आवेग मात्र पहिल्याइतकाच मोठा होता!

हे वहीत करून पाहता येते. तीन रकाने आखा: पायरी, भार, ब्रेक. सुरुवातीला भार आणि ब्रेक दोन्ही ०. दर पायरीला भारात १० मिळवा, त्यातून ब्रेकचा आकडा वजा करा आणि मग ब्रेक १ ने उतरवा. तो शून्याखाली नेऊ नका. भार ३० झाला किंवा त्यापुढे गेला, की पेशीने आवेग सोडला असे समजा. मग भार पुन्हा ० करा आणि ब्रेकमध्ये ६ मिळवा. पहिला आवेग ३ पायऱ्यांनी येईल, दुसरा आणखी ५ पायऱ्यांनी, पुढचे सारे ६-६ पायऱ्यांनी. पेशीची ताकद आपण कुठेही कमी केलेली नाही. तिच्या प्रत्येक आवेगाने तिलाच ब्रेक लावला.

आता २० व्या पायरीनंतर १० ऐवजी १५ मिळवत जा. अंतरे ४, ४, ५ आणि पुन्हा ६ अशी येतील. इथे आपले कोष्टक फसते. खऱ्या पेशीला जोराची चेतना मिळत राहिली तर तिचा वेग थोडा उतरतो, पण पहिल्यापेक्षा जास्तच राहतो. चूक आपल्या ब्रेकमध्ये आहे. तो ठरावीक १ ने न उतरवता, आहे त्याच्या पाचव्या हिश्शाने उतरवा. मग १० ला अंतर ६ राहते आणि १५ ला ते ४ वर टिकते.

संगणकावर हाच आलेख एका कळीने निघतो, मग वहीत कशाला वेळ घालवायचा, असे शिक्षक म्हणतील. पण तयार आलेखात ही चूक तुमच्या हाती लागली नसती. अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ सालच्या प्रसिद्ध शोधनिबंधातील आवेगाची गणिते हातयंत्राची मूठ फिरवून केली होती, तीही संगणक त्या वेळी मिळाला नाही म्हणून! तुमच्या बेरजा त्या मानाने फारच सोप्या आहेत.

मात्र आकडे जुळले म्हणून कारण सापडले असे समजू नका. ब्रेकचा रकाना खोडून दर आवेगामागे ३० चा उंबरठाच थोडा चढवला, तरी वेग मंदावतो. खऱ्या पेशीत काय घडते ते प्रयोगच सांगतो, आणि सगळ्या पेशींत एकच युक्ती असते असेही नाही. १९८० साली डेव्हिड ब्राऊन आणि पॉल अ‍ॅडम्स यांनी बेडकाच्या कण्याशेजारील चेतागुच्छांतल्या पेशींत ब्रेकचे काम करणारा पोटॅशियमचा एक प्रवाह दाखवून दिला. मस्कॅरिन नावाचे द्रव्य दिले की तो प्रवाह मंदावतो, आणि तीच पेशी तेवढ्याच चेतनेला भराभर आवेग सोडू लागते. थकलेल्या पेशीला हे कसे जमले असते?